कुंपण सुट्या भागांचे

घराला कुंपण असावे की नसावे, हा वाद मी घालत नाही. गुरे आहेत, कोंबड्या आहेत, शेजाऱ्याची बकरी आहे. तेव्हा कुंपण हवेच. वाद आहे तो कुंपण कसले असावे याबद्दल. आमच्या गोव्यात वईचे दिवस आता संपत आले. काठ्या, झावळ्या आणि काटे बांधून जी वई उभी राहायची, तिच्या जागी चिऱ्यांची नाहीतर काँक्रिटची भिंत येते. भिंत आली की पावसाच्या पाण्याची वाट अडते, माणसांची पायवाट अडते आणि शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची तर रस्त्यावरून वळसा घालावा लागतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कुंपण लाकडाचे असावे आणि सुट्या भागांतून जोडलेले असावे. हे मत मला कुठल्या बागकामाच्या पुस्तकाने दिलेले नाही. निपाणीजवळच्या माझ्या सासुरवाडीने दिले.

निपाणी म्हणजे तंबाखूचा मुलूख, काळ्या मातीचा. तिथे घरामागच्या भाजीच्या वाफ्यांना कुंपण घालायचे ठरले. बाजारात तारेच्या जाळीची भेंडोळी मिळतात, सिमेंटचे तयार खांबही मिळतात. काम दोन तासांत उरकते. पण मेहुण्यांनी सुताराला बोलावले. सुतारमामांनी प्रथम जागा मापली आणि मग मोजदाद सांगितली. लांबी 30 फूट. दर 6 फुटांवर एक, असे 6 खांब. एक गाळा फाटकासाठी सोडायचा. उरलेल्या 4 गाळ्यांना वर एक, खाली एक अशा 8 आडव्या पट्ट्या. उभ्या फळ्या 3 इंच रुंद आणि मध्ये 2 इंचांची फट, म्हणजे गाळ्याला साधारण 14, एकूण 56.

खांब बाभळीचे, 5 फुटांचे, त्यातले दीड फूट जमिनीत. साल काढून बुंध्याला डांबर फासायचे आणि खड्ड्याच्या तळाशी खडी टाकायची, म्हणजे पाणी साचून लाकूड कुजत नाही. खांबाचे डोके तिरके कापायचे, म्हणजे पाऊस वर न थांबता ओघळून जातो. आधी दोन टोकांचे खांब ओळंबा लावून पुरायचे, त्यांच्यात दोरी ताणायची आणि मग मधले. मी पहिली फळी थेट जमिनीवर टेकवायला निघालो, तेव्हा सुतारमामा म्हणाले, "दाजी, फळी जमिनीला टेकवू नगा, वाळवी चढतीया. दोन बोटं वर धरा."

दोरीचे दुसरे टोक धरायला कोण आले? तर शेजारचे अण्णा. कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्याइतकेच सहज. हद्दीवर कुंपण घालायचे तर शेजाऱ्याला बोलवावेच लागते, नाहीतर ते उभे राहण्याआधीच भांडण उभे राहते. अण्णांनी दोरी तपासली आणि हसत कन्नडमधली म्हण सांगितली, 'बेलिये एद्दु होल मेय्दंते'. म्हणजे कुंपणच उठले आणि शेत चरले. आपली 'कुंपणच शेत खाते' ही म्हण अगदी हीच. खिळ्यांचेही तसेच. कन्नडमध्ये खिळ्याला मोळे म्हणतात आणि आपण एका दमात 'खिळेमोळे' म्हणून मोकळे होतो. त्या भागात सुतार हे आडनाव आहे तसेच बडिगेर हेही आहे, आणि दोन्हींचा धंदा एकच. ज्या दोन भाषांची म्हण एक, खिळा एक आणि सुतार एक, त्यांच्यामध्ये भिंत कोणी आणि कशी बांधली?

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या त्याच्या अहवालात निपाणी, खानापूर धरून 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडे राहावे, असे सांगितले होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे कागदोपत्री बेळगावी झाले. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये एकमेकांच्या गाड्यांना काळे फासण्यापर्यंत मजल गेली आणि एसटी थांबली. तेव्हा स्टँडवर अडकून पडला तो कॉलेजचा मुलगा आणि माहेरी निघालेली लेक. पुढारी एसटीने जात नाहीत.

मी कारकून माणूस. मोठ्या निकालापेक्षा टेबलावरचा कागद मला जास्त दिसतो. आपल्या राज्यघटनेत 1956 च्याच सातव्या दुरुस्तीने 350 अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. जिथे अशा लोकांचे प्रमाण 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, असेही देशाचे ठरलेले धोरण आहे. सीमाभागातले मराठी लोक मराठीत कागदपत्रे मागतात, ती याच आधारावर. ही मागणी म्हणजे देशाची फाळणी नव्हे. ती कुंपणाची एक सैल झालेली फळी आहे. तिला दोन खिळे मारायला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची गरज नाही.

यावर काही मित्र म्हणतील, फळ्या ठोकत बसलात तर लोक मूळ मागणी विसरतील. मला तसे वाटत नाही. ज्याच्या हद्दीचा दावा कोर्टात आहे, तो शेतकरीसुद्धा बकरी भाजीत शिरू देत नाही. दावा दाव्याच्या जागी चालू द्यावा. पण दावा दाखल होऊन दोन दशके उलटली. त्या वेळी पहिलीत गेलेले पोर आज कमावते झाले. त्याच्या शाळेचे, त्याच्या उताऱ्याचे, त्याच्या एसटीचे काय? निकालाची वाट बघत आपण एक पिढी उघड्यावर ठेवली.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या हद्दीचा प्रश्न 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौलाने सुटला. तो कौल कोणाला आवडला, कोणाला नाही. पण आपल्याला विचारले तरी गेले. निपाणीकरांना तसे कोणी विचारले नाही, एवढा फरक आपण ध्यानात ठेवावा. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्या तरतुदीची एखादी फळी निखळली की आपण वर्तमानपत्रात पत्रे लिहितो, आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण वास्कोत, झुआरीनगरात कन्नड बोलणारी हजारो माणसे राहतात. आपले रस्ते आणि इमारती त्यांनी बांधल्या. त्यातला एखादा खिडकीशी येऊन अडखळत बोलू लागला की 'मराठी नाहीतर कोकणी बोल' असे त्याला सुनावणारे आपणच असतो. बेळगावात जो न्याय आपण मागतो, तो पणजीतल्या खिडकीवर द्यायला काय हरकत आहे?

भिंतीला तडा गेला की सगळी भिंत धोक्यात येते, आणि ती पाडायची तर आधी भांडावे लागते. सुट्या भागांच्या कुंपणाची फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसवता येते. फटीतून वारा जातो, शेजारी दिसतो, आणि फाटकाला कडी असली तरी कुलूप लागतेच असे नाही. मात्र त्याची देखरेख करावी लागते. दरवर्षी पावसाआधी एक फेरी मारून कुठली फळी सैल झाली ते पाहावे लागते, आणि ती फेरी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मारायची असते. बेंगळूरू, मुंबई आणि पणजी इथल्या कचेऱ्यांत बसलेल्या आम्हा कारकुनांपासूनच तिची सुरुवात व्हावी, असे मला वाटते. पुढचा अर्ज ज्या भाषेत येईल, त्या भाषेत तो निदान वाचून तरी घेऊया.