भय नव्हे, सत्य सांगा

मार्च १९६७ मध्ये अमेरिकेतील ‘सायन्स’ या नियतकालिकात मायमन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी श्वेत रक्तपेशींत एलएसडी मिसळले असता गुणसूत्रे तुटलेली आढळली, असे त्यात नमूद होते. हिप्पी संप्रदाय ऐन भरात असतानाचा तो काळ. वृत्तपत्रांनी ही वार्ता उचलून धरली आणि या मादक द्रव्याने पुढची पिढी विकलांग जन्मेल, अशी धास्ती सर्वदूर पसरली.

विज्ञान मात्र तेथेच थांबले नाही. १९७१ मध्ये त्याच नियतकालिकात नॉर्मन डिशॉट्स्की प्रभृतींनी तोवरच्या ६८ अभ्यासांचा व रुग्णनोंदींचा परामर्श घेतला. माफक मात्रेतील शुद्ध एलएसडीमुळे मानवी शरीरातील गुणसूत्रांची हानी होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. काचपात्रातील पेशींना यकृताचे संरक्षण नसते. तेथे कॅफीननेही गुणसूत्रे तुटू शकतात.

मग हे द्रव्य निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. ज्यांच्या घराण्यात मनोविकाराची पार्श्वभूमी आहे, त्यांच्यात ते तीव्र मानसिक विकृतीला चालना देऊ शकते. भ्रमावस्थेत विवेक सुटून जीवघेणे अपघात घडतात. चोरट्या बाजारातील कागदाच्या तुकड्यावर नेमके कोणते रसायन आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ०.१ ग्रॅमहून अधिक एलएसडी बाळगल्यास किमान १० वर्षांचा सश्रम कारावास होतो. हिप्पींनी हणजुणेच्या किनाऱ्यावर आणलेला हा भोगवाद आता पर्यटकांपुरता उरलेला नाही. सुशिक्षित घरांतील मुलेही त्याला बळी पडतात.

म्हणूनच प्रबोधन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी सावध असले पाहिजे. गुणसूत्रांची जुनी भीती घातली, तर महाविद्यालयीन तरुण ती क्षणात पडताळून पाहतो. एक विधान खोटे ठरले की उरलेले खरे इशारेही तो थट्टेवारी नेतो, आणि नेमक्या त्याच वेळी अमली पदार्थ विकणारा त्याला अधिक विश्वासार्ह वाटू लागतो. सत्यनिष्ठा हा आपल्या संस्कारांचा पाया आहे. व्यसनाविरुद्धच्या लढ्यातही तो सोडण्याचे कारण नाही. सत्य पुरेसे भयावह आहे. घरोघरी ते शांतपणे, वेळीच आणि पुराव्यानिशी सांगितले जावे.