ओढ्यातले पाणकणीस उपटू नका



आमच्या गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. न्हाणीचे, धुण्याभांड्यांचे सगळे सांडपाणी गटारीने त्याच ओढ्यात जाते. तिथे पाणकणीस, देवनळ आणि लव्हाळा दाट माजला आहे. त्यात डास होतात, साप राहतात, म्हणून ते सगळे जेसीबीने उपटून पेटवून द्यायचे, असे मोठी माणसे म्हणतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते ठरणार आहे. मला हे पटत नाही. का ते सांगते.

मागच्या महिन्यात मी दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत गटारीच्या तोंडाचे पाणी भरले, दुसरीत पाणकणसाच्या पलीकडचे. दोन्ही वर्गाच्या खिडकीत ठेवल्या. पहिलीतले पाणी काळपट होते. तळाला गाळ बसला. बूच काढले तर सगळ्यांनी नाक धरले. दुसरीतले पाणी बरेच नितळ होते आणि वासही कमी होता. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "अगं, गुरांना हे कधीचंच ठाऊक आहे. वरच्या पाण्याला ती तोंड लावत नाहीत, खाली पितात."

असे का होते, ते बाईंनी समजावले. दाट गवतात पाणी हळू चालते, म्हणून गाळ खाली बसतो. पाणकणसाचे पान आडवे कापून पाहा. आत बारीक बारीक खोल्या दिसतात. त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत जाते. मुळांना डोळ्यांना न दिसणारे जीवाणू चिकटलेले असतात. ते पाण्यातली घाण खातात. उरलेल्या घाणीतले खत झाड स्वतः ओढून घेते. म्हणूनच ते एवढे माजते! जर्मनीत केटे झायडेल नावाच्या बाईंनी १९५० नंतरच्या काळात अशाच पाणवनस्पतींनी घाण पाणी साफ करण्याचे प्रयोग केले. आता पुष्कळ देशांत मुद्दाम अशी गवते लावतात. आपल्याकडे ती फुकट उगवली आहेत आणि आपण ती जाळणार!

आता डासांचे. डास साचलेल्या पाण्यात होतात. ओढा तुंबू दिला नाही तर डास कमी होतील. शिवाय चतुराची पिल्ले पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. ती ह्याच गवतात असतात. पाणकोंबडी तिथेच घरटे करते. साप आहेत हे खरे. म्हणून आम्ही मुलांनी तिथे एकटे जायचे नाही.

पण गवत नुसते वाढू देऊनही चालणार नाही. ते पाण्यात कुजले तर घेतलेली घाण परत पाण्यात सोडते. म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर अर्धे कापावे, अर्धे पाखरांसाठी ठेवावे. मुळे उपटू नयेत. कापलेले बाहेर काढून खताच्या खड्ड्यात टाकावे किंवा गोठ्याच्या छपराला घ्यावे. आजोबा म्हणतात, त्यांच्या शाळेत बोरूने लिहीत. म्हणजे गवताने त्यांना अक्षरसुद्धा शिकवले.

आणखी एक. पाणकणीस प्लॅस्टिक खात नाही. शांपूच्या पुड्या ओढ्यात टाकणे आपणच बंद केले पाहिजे. आणि पलीकडचे पाणी नितळ दिसले तरी ते माणसांनी पिण्याचे नव्हे.

ओढ्याच्या खाली आमची विहीर आहे. गवत गेले तर काळे पाणी सरळ तिथवर येईल. ग्रामसभेत मुलांना हात वर करता येत नाही. म्हणून मी इथे लिहिले. पालकांनो, दोन्ही बाटल्या अजून खिडकीत आहेत. घरी जाताना एकदा पाहून जा आणि आमच्या वतीने तुम्ही हात वर करा, ही नम्र विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी