विजेचा आकडा कोठवर बारीक करावा?

राज्याला उद्या किती वीज लागेल, याचे गणित मांडताना नकाशा किती बारीक करायचा, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही. राज्याची मागणी वाढतच जाणार, या गृहीतावर १९९३ साली दाभोळचा करार झाला. २००१ साली वीज मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले. ढोबळ अंदाज महागात पडतो, तो असा.

जालना जिल्ह्याचेच पाहा. शहराजवळच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस वीज खातात. शेजारच्या बदनापूर तालुक्यात कापूस-मोसंबीला पाणी देणारे पंप पाळीच्या विजेवर चालतात. जिल्ह्याच्या सरासरीत यांपैकी कोणाचेच चित्र उमटत नाही.

मग पंपापंपाचा हिशेब मांडावा? अनेक कृषिपंपांना मीटरच नाहीत. त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. अशा बारकाव्याने अचूकतेचा नुसता भास होतो.

मधली पायरी आहे ती उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीची, म्हणजे फीडरची. तेथे वीज मोजता येते. तेथील गळती पाहून भारनियमन ठरवले गेले. २०१७ सालची सौर कृषी वाहिनी योजनाही तिच्यावरच उभी राहिली. अर्थात तेथेही अन्याय होतो: शेजाऱ्याने तारेवर टाकलेल्या आकड्यापायी नियमित बिल भरणाऱ्याच्या घरीही अंधार होतो. म्हणून जेथे मोजमाप आहे आणि निर्णयही होतो, तेथवर बारकावा न्यावा. आणि त्या आकड्याआड कोण भरडले जाते, तेही पाहावे.