छंद तरुणांचा, ठेवा सर्वांचा

मुंबईच्या चोरबाजारात धुळीने माखलेल्या ध्वनिमुद्रिकांचे गठ्ठे तासन्‌तास चाळणारा विशीतला युवक दिसला, की वडीलधाऱ्यांना नवल वाटते. खिशातल्या दूरध्वनीवर लाखो गाणी उपलब्ध असताना या जुन्या तबकड्यांचा सोस कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु ही केवळ चार विक्षिप्तांची हौस राहिलेली नाही. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या, तर सीडी सुमारे ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर तबकड्यांनी सीडींना प्रथमच मागे टाकले. फॅशनची लाट म्हणून हा प्रकार हसण्यावारी नेणे सोपे आहे. तथापि या छंदात जे शिक्षण दडलेले आहे, त्याचा विचार निदान शिक्षणक्षेत्राने तरी करावयास हवा.

या शिक्षणाचा पहिला पाठ निवडीचा. गाठीच्या पैशांत एकच तबकडी घेता येत असेल, तर कोणती घ्यावी याचा विवेक करावा लागतो. वेष्टनावरचा मजकूर वाचावा लागतो, साथीदारांची नावे लक्षात ठेवावी लागतात, जाणत्या दुकानदाराला चार प्रश्न विचारावे लागतात. दुसरा पाठ श्रवणाचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रागाचा सारा अर्क तेवढ्यात उतरविण्याचे कसब त्या काळच्या गायकांनी साधले. १९४८ साली अमेरिकेत अवतरलेल्या व्हायनिलच्या दीर्घ मुद्रिकेने ही मर्यादा वीस मिनिटांपलीकडे नेली. उस्ताद अमीर खाँ यांच्या गाजलेल्या मुद्रिकेत एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. मारवा संपला की उठून तबकडी उलटावी लागते, आणि तेवढ्या शांततेत ऐकलेले मनात मुरते. न थांबता एकामागून एक गाणी ओतणाऱ्या यंत्राला ही उसंत ठाऊक नाही.

तबकडी कोवळ्या मनावर केवढा संस्कार करू शकते, याचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. गदगच्या शाळकरी भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि तशा गाण्याच्या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. प्रत्येक संग्राहक गवई होणार नाही, हे उघड आहे. परंतु तो चोखंदळ श्रोता होऊ शकतो. आणि श्रोत्यावाचून मैफल उभी राहत नाही.

या छंदाचे मोल व्यक्तीपुरतेही नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून ख्याल, ठुमरी, नाट्यपदे आणि लावण्या यांचा अफाट ठेवा तबकड्यांवर साठत गेला. लाखेची तबकडी हातातून निसटली की फुटते आणि घर बदलताना भंगारात जाते. जे वाचले, ते पुष्कळसे हौशी संग्राहकांच्या कपाटांमुळे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे कार्य याच जाणिवेतून उभे राहिले. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्णतबकडीत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु त्या वेळी ती मुद्रिका बाजारात मिळेनाशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ते खोके आधीच रद्दीत गेले असते तर?

सारे काही आता संगणकजालावर आहे, हा आक्षेप म्हणूनच अपुरा ठरतो. जालावरची कितीतरी जुनी गाणी कोणा संग्राहकाने आपल्या तबकडीवरून उतरविली, म्हणूनच तेथे आहेत. छंद खर्चिक आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. नवी तबकडी आणि बरे वाजणारे यंत्र सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. पण पुस्तके सर्वांना विकत घेता येत नाहीत, म्हणूनच समाजाने ग्रंथालये काढली आणि महाराष्ट्राने १९६७ साली त्यांच्यासाठी कायदा केला. तोच न्याय ध्वनिमुद्रिकांना का लावू नये?

जिल्ह्याच्या ग्रंथालयात आणि महाविद्यालयात तबकड्यांसाठी एक कपाट, एक चांगले यंत्र आणि आठवड्यातून एक श्रवणाचा तास, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. घरोघरी माळ्यावर पडलेल्या तबकड्या देणगी म्हणून मागवाव्यात आणि त्यांची सूची विद्यार्थ्यांनी करावी. ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क आपल्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. गीतकार व संगीतकार यांच्या हक्कांचा स्वतंत्र विचार करून कितीतरी जुन्या मुद्रिकांच्या प्रती रीतसर जतन करता येतील. तरुणांनी आपल्या हौसेने वाट दाखविली आहे. माळ्यावरच्या तबकड्या भंगारवाल्याच्या तराजूत पडण्यापूर्वी संस्थांनी त्या वाटेने चार पावले टाकावीत, एवढीच अपेक्षा.