संगणकाचा कोपरा : एक संगणक, दोन साउंड कार्डे

वाखनिंगनकर मंडळी, गणपतीत हॉलच्या स्पीकरला संगणक जोडला की लेझीम ऐन रंगात असताना ईमेलची टुण्‌ हॉलभर घुमते. उपाय दुसऱ्या साउंड कार्डाचा.

१९९० च्या दशकात हे जिकिरीचे होते. साउंड ब्लास्टर बहुधा पोर्ट २२० आणि इंटरप्ट ५ धरून बसे. दुसरे कार्ड त्याच पत्त्यावर बिऱ्हाड मांडायला आले की भांडण ठरलेले. मग जंपर बदलत बसा! आता यूएसबी कार्ड खोचले की झाले. मूळ कार्ड ‘डीफॉल्ट’च ठेवा, त्याला हेडफोन लावा. हॉलची वायर यूएसबी कार्डाला, आणि गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामपुरते तेच कार्ड नेमून द्या. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ही सोय आहे. पुढचे गाणे दुसऱ्या प्लेअरवर कानात तपासता येते.

ध्वनिमुद्रणाचे मात्र जपून. आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी येतात, तेवढ्यात आजीच्या ओव्या आणि आजोबांचे टाळ दोन माइकवर, दोन कार्डांतून घ्यावेसे वाटते. पण प्रत्येक कार्डाचे घड्याळ स्वतंत्र. सेकंदाला ४८,००० नमुने दोघेही म्हणतात, तरी दहा लाखांत ५० चा फरक असला तर तासाभरात ०.१८ सेकंदांची तफावत पडते आणि टाळ चुकल्यासारखे वाटतात. बिचाऱ्या आजोबांचा त्यात काय दोष! मॅकवर दोन्ही कार्डे जोडताना ‘ड्रिफ्ट करेक्शन’वर खूण करा. माझ्या मते दोन माइक घेणारे एकच कार्ड उत्तम. नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या आणि प्रत्येकाच्या आरंभी एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात.