मुलाने सिनेमा उतरवला, घरातून काय गेले?

अनेक घरांत सर्वांचा मिळून एकच लॅपटॉप असतो. त्यावर मुलांचा अभ्यास होतो, अब्बूंचे बँकेचे कागद असतात, सगळ्यांचे आधार आणि पासपोर्ट स्कॅन करून ठेवलेले असतात. कधी शेजारच्या खालांचा हजचा फॉर्मही त्यावरच भरलेला असतो. रात्री थोरला मुलगा त्याच लॅपटॉपवर टोरेंटने सिनेमा उतरवतो. फुकट मिळाला म्हणून घरातले खूष!

पण हा व्यवहार एकतर्फी नसतो. अशा प्रोग्राममध्ये फाईल अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवरून येते आणि आपला कॉम्प्युटरही त्यांना फाईल देत असतो. आपण काय देतो आहोत, हे मात्र पुष्कळांना कळत नाही. २००२ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी 'काझा' या त्या वेळच्या लोकप्रिय प्रोग्रामची तपासणी केली. त्यांनी १२ जणांना विचारले, "या कॉम्प्युटरवरचे काय काय बाहेरच्यांसाठी खुले आहे?" बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आले. खुली होती ती अख्खी हार्ड डिस्क.

याचा फायदा घेणारेही असतात. २००७ मध्ये सिएटल शहरात एकाला अटक झाली. 'लाईमवायर'सारख्या प्रोग्राममधून तो गाणी नव्हे, लोकांचे आयकराचे आणि बँकेचे कागद शोधत असे. मग त्यांच्या नावावर क्रेडिट घेऊन माल खरेदी करी. त्याला ५१ महिन्यांची कैद झाली. ज्यांचे कागद गेले, त्यांच्यातल्या काहींना आपल्या घरी असा प्रोग्राम आहे हेच ठाऊक नव्हते. तो मुलांनी बसवला होता.

आजचा टोरेंट साधारणपणे निवडलेलीच फाईल वाटतो. तरी आपला आयपी पत्ता सोबतच्या सगळ्यांना दिसतो आणि सिनेमाच्या नावाखाली व्हायरस येऊ शकतो. व्हायरस आला, की कागद पुन्हा उघड्यावर.

म्हणून आज मुलाला रागावू नका, त्याच्या शेजारी बसा. कोणता फोल्डर 'शेअर' आहे ते त्याच्याकडून पाहून घ्या. खिडकी बंद केली तरी हे प्रोग्राम घड्याळाशेजारी चालूच राहतात. नको असेल तर प्रोग्राम काढूनच टाका. सिनेमाची फाईल 'ईएक्सई' निघाली तर उघडू नका. महत्त्वाचे कागद पेनड्राईव्हवर घेऊन कपाटात ठेवा आणि लॅपटॉपवरून पुसून टाका. खालांचा पासपोर्ट आपल्याकडे अमानत आहे. आपल्या निष्काळजीपणाची किंमत त्यांनी का मोजावी?