ईएनटीजे : पुढारपणाचा पिंड
मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व चाचणीतल्या १६ प्रकारांपैकी ‘ईएनटीजे’ हा पुढाऱ्याचा पिंड मानला जातो. कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी ही चाचणी बेतली. बहिर्मुखता, अंतःप्रज्ञा, तर्कनिष्ठता आणि निर्णयाची ओढ ही या प्रकाराची चार अंगे. बैठक भरकटू लागली की अशी व्यक्ती सूत्रे हाती घेते. कोणी काय करायचे, कधीपर्यंत करायचे, हे ठरवूनच उठते. लांबचे पाहणे आणि जबाबदारी अंगावर घेणे हे तिचे खरे बळ. पण हाच झपाटा सहकाऱ्यांना जाचतो. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी तिचे उत्तर तयार असते, कुणाची भीती किंवा हळवेपणा तिला कामातला अडथळा वाटतो, आणि हाताखालची माणसे हळूहळू खरे सांगायचेच सोडून देतात. सगळ्यात महागात पडणारा दोष हाच. मुळात या चाचणीलाही मर्यादा आहेत. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो, असे संशोधकांना आढळले आहे. त्यामुळे नोकरभरतीत तिच्या आधारे माणसे निवडणे चूकच. चाचणीची प्रकाशक कंपनीही तसा वापर करू नका असेच सांगते.